ब्रेकडाउनच्या आधी काय वाजतं?

मे 2025 मध्ये स्लीप टोकन या मुखवटे घालून वाजवणाऱ्या ब्रिटिश बँडचा 'इव्हन इन आर्केडिया' हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड 200 यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि मेटल ऐकणाऱ्यांमधलं जुनंच भांडण नव्याने पेटलं. एक गट म्हणतो, हे मेटलच नव्हे. मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण) 2006च्या आसपास संपलं, पुढचं सगळं नुसतं रंगरंगोटीचं काम. दुसरा गट म्हणतो, काका, तुमचं वय झालं. गुडघे कुरकुरायला लागले की जुनी गाणी गोड लागतातच. दोन्हीकडच्या टोमण्यांना दाद मिळते आणि संगीताबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मी जुन्या मेटलकोरच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण माझ्याच बाजूचे लोक जी कारणं देतात ती इतकी लंगडी असतात, की जिंकता येण्यासारखा वाद आम्ही दरवेळी हरतो.

माझं म्हणणं असं: जुन्या मेटलकोरची ओढ त्याच्या वयामुळे किंवा ओबडधोबड आवाजामुळे वाटत नाही, ती त्याच्या बांधणीमुळे वाटते. त्यात गाण्याच्या एका भागातून पुढचा भाग निघतो. ब्रेकडाउन, म्हणजे गती एकदम निम्म्यावर आणून जड ठोके मारणारा भाग, येतो तेव्हा आधीची दोन मिनिटं त्याला ओढत आणत असतात. गेल्या दहा-बारा वर्षांत जे चलनात आलंय त्यात कुजबुजता अंतरा, सिंथेसायझरचा पडदा, गोड कोरस आणि ब्रेकडाउन हे बहुतेकदा सुटे भाग असतात. या गाण्यातला ब्रेकडाउन काढून त्या गाण्यात बसवला तर किती जणांच्या लक्षात येईल?

'जुनं' म्हणजे नेमकं कुठलं, हेही स्पष्ट करायला हवं, कारण या वादात 1995 आणि 2005 सर्रास एकाच पोत्यात भरले जातात. ब्रेकडाउन मूळचा हार्डकोर पंकचा, म्हणजे पंक रॉकच्या जास्त वेगवान, आक्रमक शाखेचा. 1980च्या दशकात न्यू यॉर्कच्या सीबीजीबी क्लबात रविवारी दुपारी हार्डकोरचे कार्यक्रम होत. तिथे गाण्याची गती मध्येच निम्म्यावर यायची, कारण समोरच्या गर्दीला त्या ठेक्यावर अंग झोकून द्यायचं असायचं. म्हणजे ब्रेकडाउन ही मुळात जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांसाठी केलेली खूण होती. पुढे 90च्या दशकात सिराक्यूजचा अर्थ क्रायसिस, क्लीव्हलंडचा इंटेग्रिटी, बॉस्टनच्या बाजूचा कन्व्हर्ज यांनी त्यात मेटलचं वजन आणलं. अर्थ क्रायसिसवाले तर दारू-सिगारेटपासून लांब आणि कट्टर व्हीगन, म्हणजे दूध-अंडीही वर्ज्य. प्राण्यांच्या छळाविरुद्ध ते ज्या आवेशात ओरडत तो आमच्याकडच्या कुठल्याही अहिंसावाद्याला झेपला नसता. त्यानंतर आली ती मॅसॅच्युसेट्सची पिढी: किलस्विच एंगेज, शॅडोज फॉल, अनअर्थ, ऑल दॅट रिमेन्स. त्यांनी स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातल्या ॲट द गेट्स, इन फ्लेम्स वगैरे बँडांच्या सुरेल, धावत्या रिफ (गिटारवर परत परत येणाऱ्या छोट्या चाली) उचलल्या आणि त्या हार्डकोरच्या ब्रेकडाउनला जोडल्या. ॲट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल' 1995चा आणि बँड मोडला 1996 मध्ये. अमेरिकेत त्यांच्या रिफवर पीक उभं राहिलं तेव्हा ते स्वतः मैदानात नव्हते.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ: हे सगळं स्मरणरंजन आहे. पौगंडावस्थेत आणि विशीत ऐकलेलं संगीत मनात सर्वांत खोल रुततं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालेलं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा बाजारही तेजीत आहे. 2019 मध्ये गुंडाळलेली वॉर्प्ड टूर ही अशा बँडांची फिरती जत्रा 2025 मध्ये परत आली ती काही समाजसेवा म्हणून नव्हे. मान्य. पण स्मरणरंजनाच्या या सिद्धान्तात एक भोक आहे. मी ज्या वयात किलस्विच एंगेज ऐकलं त्याच वयात, त्याच हॉस्टेलच्या खोलीत, त्याच फुटक्या स्पीकरवर लिंप बिझकिटचं रॅप-मेटलही ऐकलं, आणि तेही तितक्याच भक्तिभावाने. आज ते दोन मिनिटंसुद्धा ऐकवत नाही. आठवणी दोघांशीही सारख्याच चिकटलेल्या असताना एक का टिकलं आणि दुसरं का विटलं? उलट वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा बॉच हा बँड माझ्या कानावर पडला तो तिशी ओलांडल्यावर. त्यांचा 1999चा 'वी आर द रोमन्स' माझ्या कुठल्याच तरुणपणाचा भाग नाही, तरी तो माझ्या लाडक्या अल्बमांपैकी एक आहे. आठवणीने प्रेम वाढतं हे खरं, पण आवडीनिवडीचा सगळा हिशेब तिच्या खात्यावर टाकता येत नाही.

दुसरा मुद्दा चाळणीचा. वीस वर्षांनी आपल्याला चांगलंच तेवढं आठवतं, कचरा वाहून गेलेला असतो. हा मुद्दाही खरा आहे आणि आमच्या बाजूचे लोक तो कधीच प्रामाणिकपणे घेत नाहीत. 2005 मध्ये कपाळावर तिरपे केस ओढलेल्या पोरांचे शेकडो बँड होते. सगळ्यांकडे गोथेनबर्गहून उसनी आणलेली तीच रिफ, तोच 'अंतऱ्यात ओरडा, कोरसमध्ये गा'चा साचा आणि सोडून गेलेल्या मुलीला शिव्याशाप देणारे तेच शब्द. ते ऐकताना तेव्हाही कंटाळा यायचा. म्हणून तुलना करायची तर उत्तमाशी उत्तमाची आणि सामान्याशी सामान्याची करायला हवी. ती केली तरी माझं म्हणणं बदलत नाही.

आधी उत्तम. कन्व्हर्जचा 'जेन डो' सप्टेंबर 2001चा. पहिलं गाणं जेमतेम सव्वा मिनिटाचं. गिटार सुरू होते ती आधीपासून चाललेल्या भांडणात आपण दार उघडून शिरावं तशी. ड्रमर बेन कोलर ठेका धरतो आणि कानाला त्याची सवय होतेय तोच तो मोडतो. जेकब बॅननच्या किंकाळीतले शब्द छापील कागद हातात घेतल्याशिवाय लागत नाहीत. श्वास घ्यायला जागा न देता दुसरं गाणं अंगावर येतं. अल्बमचं शेवटचं गाणं साडेअकरा मिनिटांचं आणि बरचसं संथ आहे. ते एकटं ऐकलं तर लांबलेलं वाटेल. पण आधीच्या अर्ध्या तासाने तुम्हाला इतकं झोडपलेलं असतं की तो संथपणा सुटकेसारखाही वाटतो आणि शिक्षेसारखाही. हा परिणाम कुठल्याही एका क्षणात नाही. तो क्रमात आहे. यातली पंधरा सेकंदं कापून कुणाला पाठवा, समोरचा म्हणेल, हा काय गोंगाट आहे?

किलस्विच एंगेज हे बरोबर दुसरं टोक: सुरेल, चकचकीत, रेडिओला चालेल असं. त्यांचा 2002चा 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' ॲडम डुटकिविच याने निर्माता म्हणून सांभाळला आणि ड्रम्सही त्यानेच वाजवले. बर्कली संगीत महाविद्यालयात ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेतलेला हा माणूस. त्याचं काम गॅरेजमधलं नक्कीच नव्हे. म्हणूनच 'जुनं ते कच्चं आणि म्हणून खरं' हा आमच्या गोटातला लाडका युक्तिवाद मला पटत नाही. तेव्हाही क्लिक ट्रॅक (वाजवताना कानात टिकटिकत ताल धरून ठेवणारा आवाज) होता, संगणक होता, ड्रम्सच्या आवाजावर आधीच मुद्रित केलेले नमुने चढवले जात होते. खुद्द हार्डकोरच्या सोवळ्या लोकांनी किलस्विच एंगेजच्या गोड कोरसवर तेव्हा नाकं मुरडली होती. मग वेगळं काय होतं? त्या पिढीची बांधणी बघा. दोन गिटारी सुरांचं ठरावीक अंतर राखून एकच धावती चाल वाजवतात. तिचा ठेका डोक्यात बसला की तोच ठेका निम्म्या गतीने, तुटक तुटक परत येतो आणि त्यालाच आपण ब्रेकडाउन म्हणतो. कोरस उघडतो तो आधी आवळलेलं काहीतरी सैल करण्यासाठी. एक दुवा काढला की पुढचा लोंबकळतो.

आता नव्याकडे. इथे दोष वाजवणाऱ्यांच्या कुवतीला देणं हा शुद्ध अन्याय आहे. आजचा विशीतला गिटारवादक 2002च्या पुष्कळ नामवंतांपेक्षा हाताने सरस आहे. कारण शोधायचं तर ते तारांच्या जाडीपासून शोधावं लागतं. साध्या जुळणीत गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे 82 हर्ट्झवर वाजते. 2000च्या दशकातलं बरंच मेटलकोर ड्रॉप-सी जुळणीत आहे, म्हणजे ती तार 65च्या आसपास. आज सात-आठ तारांच्या गिटारी 'एफ'पर्यंत उतरवतात, म्हणजे सुमारे 44 हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41ला असते. थोडक्यात, गिटार बेसच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहायला गेली आहे. इतक्या खाली दोन सूर एकत्र छेडले की त्यांचा चिखल होतो. म्हणून तिथे चाल चालत नाही, एकाच सुरावर ठोके मारणं चालतं. मग चाल कुठे जाते? सिंथकडे आणि गायकाकडे. रिफ, जी या संगीताचा कणा होती, ती तालवाद्य बनते. स्वीडनच्या मेशुगा या बँडने हे आधीच केलं होतं, पण त्यांनी चालीच्या बदल्यात तालाचं असं गणित दिलं की त्यावर बोटं मोडत बसावं. मागाहून आलेल्या बहुतेकांनी आवाज घेतला आणि गणित वर्गातच सोडलं.

याच्या जोडीला लिहिण्याची पद्धत बदलली. पूर्वी चार-पाच जण एका खोलीत असायचे. गिटारवाला रिफ आणायचा, ड्रमर म्हणायचा, यावर मला काही सुचत नाही, आणि ती रिफ मरायची. आज गाणं बरेचदा पडद्यावरच्या चौकटींत, तुकड्यातुकड्याने जुळवलं जातं. तिथे तुकडा उचलून इकडेतिकडे ठेवणं इतकं सोपं आहे की तो तिथेच का हवा, हा प्रश्नच पडत नाही. आणि वर मोबाइलचा रेटा. बॅड ओमेन्स या बँडचं 'जस्ट प्रिटेंड' 2022 नंतर घराघरात पोचलं ते टिकटॉकवरच्या तुकड्यांमधून. गाणं वाईट नाही. कोरस सुरेख आहे. पण त्या यशातून बाकीच्यांनी धडा घेतला तो एवढाच, की एक क्षण असा हवा जो कापून दाखवता येईल.

इथे शहाणा विरोधक म्हणेल: माध्यम बदललं की कला बदलणारच, त्यात रडण्यासारखं काय आहे? बिनतोड मुद्दा. मराठी माणसाला तर तो समजावून सांगायचीही गरज नाही. मायक्रोफोन नव्हता तेव्हा नाटकातल्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला चढ्या पट्टीत, खुल्या गळ्याने गावं लागे. मायक्रोफोन आला, रेडिओ आला आणि हलक्या आवाजातलं भावगीत जन्माला आलं, जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांचं गाणं त्या यंत्राशिवाय उभंच राहिलं नसतं. नाट्यपदांवर पोसलेल्या कानांना ते मिळमिळीत वाटलं असेल, पण आज कोण म्हणेल की भावगीत ही अधोगती होती? 78च्या तबकडीचंही तेच. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तासभर ख्याल रंगवणाऱ्या गवयांना त्या डबीत बसायला सांगितलं गेलं.

बसले की! अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी आजही मिरजेत कुणी लावली तर बोलणारी माणसं गप्प होतात. म्हणजे लांबी कमी झाली म्हणून कला घटते, असं म्हणायला मी तरी धजणार नाही. पण खाँसाहेबांनी तबकडीसाठी जे केलं ते नीट बघा. त्यांनी मैफलीतली मधली तीन मिनिटं कापून दिली नाहीत. त्यांनी तीन मिनिटांचं एक सबंध गाणं बांधलं, ज्याला सुरुवात आहे, बढत आहे, परतणं आहे. तबकडीची अट होती, एवढ्यात पूर्ण करा. मोबाइलची अट आहे, एवढंच वेचून दाखवा, बाकीचं कुणी ऐकणार नाही असं धरून चला. या दोन अटींमधून सारखीच कला निघेल, असं मानायला मला काही आधार दिसत नाही. भावगीताला मायक्रोफोनने जे दिलं, ते मेटलकोरला या तुकड्यांनी अजून दिलेलं नाही. दिलं तर मी पहिला ऐकेन.

जुन्या काळाला डोक्यावर घेताना काही गोष्टी विसरल्या जातात, त्याही सांगायला हव्यात. तो मंच जवळपास पूर्णपणे पुरुषांचा होता. डेट्रॉइटच्या वॉल्स ऑफ जेरिकोची कँडेस कुचुलेनसारखी एखादी गायिका म्हणजे अपवाद. आज स्पिरिटबॉक्सची कोर्टनी लाप्लांत या प्रकारातला सर्वांत ओळखीचा आवाज आहे, आणि हे निखळ भलं झालेलं आहे. दुसरं, गळे. किलस्विच एंगेजचा गायक जेसी लीच याने 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' बाहेर आला त्याच वर्षी बँड सोडला, तोही ईमेल पाठवून. गळ्याचा त्रास आणि नैराश्य दोन्ही होतं. तो परतला थेट 2012 मध्ये. कसं ओरडावं याचं शास्त्र तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. न्यू यॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनी त्याची शिकवणी डीव्हीडीवर आणली 2005 मध्ये. आजचे गायक शिकून येतात आणि चाळिशीतही गातील. 'पूर्वी वेदना खरी होती' असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुणाचा गळा फाटला तरच तुमचं समाधान होणार का? मी बाजू घेतोय ती गाण्याच्या बांधणीची. त्या काळच्या सगळ्या सवयींचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही.

आणि ती बांधणी जुन्यांची मक्तेदारी नाही, याचा पुरावा समोर आहे. अमेरिकेतल्या केंटकीचा नॉक्ड लूज हा बँड. पोरं 'जेन डो' आला तेव्हा शाळेत असतील. 2024चा त्यांचा अल्बम अर्ध्या तासाच्या आत आटपतो, त्यात एकही गोड कोरस नाही, आणि पॉपी या गायिकेसोबतच्या 'सफोकेट' गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. तेच गाणं 2024च्या शेवटी जिमी किमेलच्या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी वाजवलं तेव्हा घरी बसलेल्या पालकांनी तक्रारी केल्या. 2002च्या बँडांना हे भाग्य लाभलं नव्हतं. गंमत म्हणजे या अल्बमचा निर्माता ड्रू फल्क आहे, ज्याने चकचकीत आधुनिक रॉकचं ढीगभर काम केलंय. त्याच्या हाताशीही तीच आधुनिक साधनं होती. तरी नॉक्ड लूजचा ब्रेकडाउन कोसळतो तेव्हा पायाखालची फळी गेल्यासारखं वाटतं, कारण आधीच्या रिफने आपल्याला त्या फळीवर उभं केलेलं असतं. स्मरणरंजनवाल्यांनी या बँडसमोर नाचणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलांचं काय करायचं? त्यांना कुठल्या काळाची आठवण येते?

राहतो तो शेवटचा आक्षेप, आणि तो पैशांचा आहे. चार जणांनी आठवड्यातून दोन-तीनदा भेटायचं, व्हॅनमधून गावोगाव हिंडायचं, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या पॅलेडियमसारख्या सभागृहात 1999 पासून भरणाऱ्या हार्डकोर महोत्सवात आपली वेळ येण्याची वाट बघायची, हे परवडायला स्वस्त भाडी आणि रिकामा वेळ लागतो. आजच्या पोरांकडे दोन्ही नाही. घरी बसून गाणं करणं ही त्यांची हौस नाही, नाइलाज आहे. हे मला पटतं. पण मुंबईत तरी परवडण्यासारखं कधी काय होतं? धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव गाजायचा. शांतता क्षेत्राच्या नियमांपायी तिथले कार्यक्रम बंद पडले आणि शहरातल्या रॉकची मोठी हक्काची जागा गेली. तरी त्याच शहरात 'स्क्राइब' आणि 'भयानक मौत' हे बँड उभे राहिले. स्क्राइबने 2008 मध्ये 'कन्फेक्ट', 2010 मध्ये 'मार्क ऑफ तेजा' काढला: हिंदी सिनेमातल्या खलनायकांची टिंगल करत, अस्सल हार्डकोरच्या ठेक्यावर, आणि त्यातले ब्रेकडाउन समोरच्या गर्दीचा अंदाज घेऊन बेतलेले आहेत हे ऐकताना कळतं. ते कुठल्याही सुवर्णकाळात झालं नाही. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या, एसी बंद पडलेल्या जॅम रूममध्ये बँड जमतात तसेच तेही जमले.

म्हणून नव्या बँडांकडे माझं मागणं लहान आहे. जुनी जुळणी नको, जुना आवाज नको, तिरपे केस तर मुळीच नकोत. गाणं बाहेर काढण्याआधी दोन तासांची खोली घ्या, ते सगळ्यांनी मिळून एकदा सलग वाजवा, आणि ड्रमर कुठे कंटाळतो ते बघा. तिथला भाग काढून टाका. लॅपटॉप घरी आहेच.